सागवानातला गवा

मराठीत हे होणार नाही, असं मला पहिल्यांदा सांगितलं ते आमच्या बँकेच्या मॅनेजरसाहेबांनी. साहेब दक्षिणेकडचे, बदलीवर चंद्रपूरला आलेले. दुपारी डबा झाला की ते नागपूरहून आलेला आदल्या दिवशीचा इंग्रजी पेपर टेबलावर पसरायचे, पेन्सिलीला टोक काढायचे आणि शब्दकोडं सोडवायला बसायचे. तेवढ्या वेळात त्यांच्याकडे सही मागायला जायची कुणाची छाती नव्हती. मी गेले. ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं, शाखेत मी एकटीच बाई होते, आणि जिथे कुणी जात नाही तिथे आपण एकदा जाऊन पाहावं असा माझा स्वभाव होता.

साहेबांनी सही केली. मी कोड्याकडे बघतेय हे पाहून विचारलं, "समझ में आता है?"

"इंग्रजी समजतं," मी म्हणाले. "पण ह्या वाक्यांना काही अर्थच दिसत नाही."

ते खूश झाले. त्यांनी मला समोर बसवलं आणि पेन्सिलीने एक ओळ मधोमध तोडून दाखवली. ह्या जातीच्या कोड्यातलं प्रत्येक सूत्र वरवर साधं बोलणं असतं. पण त्याच्या एका टोकाला उत्तराचा अर्थ असतो आणि बाकीच्या भागात ते उत्तर कसं बनवायचं त्याची कृती असते. हा शब्द उलटा कर, ह्याच्या पोटात तो घाल, ह्याला त्याच्यापुढे जोड. अर्थाकडून आणि कृतीकडून एकच उत्तर आलं की सूत्र सुटलं. मध्ये एकही शब्द फुकटचा बसू द्यायचा नाही.

पुढचे काही महिने मी रोज दुपारी त्यांच्या टेबलाशी उभी राहिले. इंग्रजी सूत्रं मला हळूहळू सुटायला लागली. पण घरी जाताना, जटपुरा गेटातून सायकल काढताना, डोक्यात मराठी शब्दच उलटेसुलटे होत असायचे. एकदा मी साहेबांना म्हटलं की मी असं कोडं मराठीत करणार आहे.

"मराठी में नहीं होगा, मॅडम," ते म्हणाले. "इंग्लिश में एक एक अक्षर छुट्टा है. तुमच्याकडे काना, मात्रा, वेलांटी. शब्द उलटा केला की काहीच्या काही होतं."

तेवढ्यात चहा आला. मी कपाकडे पाहिलं, पावतीच्या मागे एक ओळ लिहिली आणि त्यांच्यापुढे सरकवली.

हाच उलटा करून प्या (२).

कंसातला आकडा म्हणजे उत्तरात किती घरं आहेत ते. साहेबांनी विचारलं, "हाच मतलब?"

"यही."

"यही को उलटा करके..." ते थांबले. मग बोटाने टेबलावर 'हा' लिहिलं, 'च' लिहिलं, आणि उजवीकडून डावीकडे वाचलं. च, हा. ते एवढ्या मोठ्याने हसले की कॅशियरने जाळीतून मान बाहेर काढली. मात्रा आपापल्या अक्षराला धरून राहतात, त्या कुठे सांडत नाहीत. मला ते आधीपासून माहीत होतं. वरोऱ्याजवळच्या आमच्या खेड्यात वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते. घरात बुद्धाची मूर्ती होती, तिच्या खालच्या फळीवर पुस्तकं होती, आणि मोठ्याने वाचताना शब्द चुकला की वडील त्याची अक्षरं सुटी करून मला परत जुळवायला लावायचे. मराठीची अक्षरं सुटी होतात हे मला सांगायला कुणी नको होतं.

मग मी एक चौकट आखली, काळी-पांढरी घरं भरली आणि गावातल्या एका साप्ताहिकाच्या संपादकांकडे गेले. त्यांचा छापखाना बाजारामागच्या गल्लीत होता. पुढच्या खोलीत कार्यालय, मागच्या खोलीत अक्षरांचे खिळे जुळवायचे खण आणि यंत्र. संपादक नागपुरी बोलणारे, तोंडात पान असलेले, मनाने मोकळे गृहस्थ. त्यांनी माझा कागद उलटसुलट करून पाहिला.

"गरीब उलटा केला, वैनगंगा झाली," त्यांनी वाचलं. "हे काय होय बाई?"

"गरीब म्हणजे दीन. उलटा करा."

"नदी!" त्यांनी मांडीवर थाप मारली. मग चेहरा गंभीर केला. "पन हे सोडवन कोन? इथी तं 'भारताची राजधानी' इचारलं तरी लोकं छापखान्यात येऊन उत्तर इचारतात."

"पहिले चार आठवडे उत्तराबरोबर ते कसं आलं तेही छापा, भाऊ. पाचव्या आठवड्यापासून लोक उत्तर विचारायला येणार नाहीत, भांडायला येतील."

त्यांना भांडणाची कल्पना आवडली. साप्ताहिकाला भांडण लागतंच. 'आडवळण' असं नाव देऊन त्यांनी कोडं सुरू केलं, आणि पाचव्या नाही पण सातव्या-आठव्या आठवड्यात लोक खरोखर भांडायला आले. 'पसाभर धान्य उलटलं, फणा काढून बसलं' ह्यावर एका दुकानदाराने सांगितलं की धान्य हा शब्द जास्तीचा आहे, साप नुसत्या पशातून निघतो. त्याचं बरोबर होतं. मी पुढच्या अंकात तसं छापलं. मला ह्यातली मजाच ही वाटायची, की इथे बरोबर आणि चूक दाखवता येतं. कुणाच्या हुद्द्यावर, वयावर, आडनावावर काही अवलंबून नाही. सूत्र पेलतं तरी, नाहीतर पडतं.

मोठं भांडण झालं ते 'काऊन'वरून.

मी सूत्र दिलं होतं: 'का'ला ऊन लागलं की झाडीपट्टीत असं विचारतात (३). 'का' आणि 'ऊन' जोडले की काऊन, म्हणजे आमच्याकडचं 'कशासाठी'. झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्वेकडच्या जंगलपट्ट्यात, वडशापासून ब्रह्मपुरीपर्यंत लोकांनी ते बघताक्षणी सोडवलं. पण वरोऱ्याहून एका निवृत्त मराठीच्या प्राध्यापकांचं कडक पत्र आलं. हा शब्द कोणत्या कोशात आहे ते सांगावं, अशी त्यांची मागणी होती. मी त्यांचं पत्र पूर्ण छापायला सांगितलं आणि खाली उत्तर दिलं: "कोशात नाही. बसस्टँडवर आहे. तिथे कुणालाही विचारून पाहावं, उत्तर ह्याच शब्दाने सुरू होईल."

संपादक हसून हसून बेजार झाले. पण ते धूर्तही होते. "बाई, हा मानूस दर आठवड्याले लिहीन," ते म्हणाले. "त्यापेक्षा त्याले आपल्यातच घेऊन टाकू. सूत्रांची स्पर्धा ठेवू. परीक्षक तुमी दोघं."

मी हो म्हटलं. माझ्याशी भांडणारा माणूस मला शेजारी बसलेला चालतो. प्राध्यापकही आले, एका रविवारी, वरोऱ्याच्या गाडीने. उंच, ताठ, धोतर आणि कोट, हातात छत्री. त्यांनी मला नमस्कार केला आणि पहिलंच वाक्य बोलले, "मॅडम, मी बसस्टँडवर विचारलं."

"काय म्हणाले?"

"'काऊन पायजे?' म्हणाले." ते हसले नाहीत, पण मिशी हलली. माझा त्यांच्यावर विश्वास तिथेच बसला.

स्पर्धा अशी होती: आम्ही एक शब्द द्यायचा आणि वाचकांनी त्याचं सूत्र करून पाठवायचं. सर्वांत चांगल्या सूत्राला बक्षीस म्हणून संपादकांनी दोन जाडजूड खंडांचा मराठी शब्दकोश मिळवून ठेवला होता. शब्द मी निवडला. सागवान. आमच्या भागात ज्यात तो नाही असं घर मिळणं कठीण, आणि ज्याच्या घरी नाही तो रस्त्यावर ट्रकमध्ये रोज बघतो.

होळीनंतर जाहीर केलं आणि पोस्टकार्डांचा गठ्ठा आला. तो घेऊन आम्ही तिघं छापखान्याच्या पुढच्या खोलीत बसलो. बल्लारपूरहून एकाने लिहिलं, 'साग आणि वान.' हे सूत्र नव्हे, नुसतं लाकूड फाडणं झालं, असा मी शेरा मारला. मूल गावच्या एका वकिलांनी लिहिलं, 'जंगलखात्याचा लाडका जावई.' आम्ही दोघंही हसलो आणि बाजूला ठेवलं, कारण त्यात अर्थाची कोटी होती पण कृती नव्हती. ते वाचून सागवान हा शब्द कसा बनवायचा हे कुणालाच कळलं नसतं. एका कवीने आठ ओळी पाठवल्या. बऱ्याच जणांना शब्दाच्या मधोमध गवा दिसला होता, तो रानगवा, आमच्या जंगलातला सर्वांत भारी प्राणी. पण गवा काढल्यावर बाजूला उरलेल्या 'सा' आणि 'न' चं काय करायचं ते त्यांना सुचलं नव्हतं. कुणी 'सा' ला षड्ज केलं, कुणी 'न' ला नकार.

आणि मग एक कार्ड निघालं, वडशाजवळच्या एका गावाहून. लिहिणारा हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांत विनोदी कामं करायचा आणि बाकी वर्ष धानाची शेती. त्याचं सूत्र होतं:

सान असून गवा गिळला, तरी चौकटीत बसला (४).

मी ते दोनदा वाचलं आणि कार्ड टेबलावर ठेवून नुसती बघत राहिले. 'सान' म्हणजे लहान. त्याच्या पोटात गवा गेला की सा-गवा-न. आणि चौकटीत बसतो तो कोण? दाराच्या चौकटीत सागवानच बसतो. शिवाय कोड्याच्या चौकटीतही उत्तरच बसतं. वाक्य वाचायला गमतीचं, एक शब्द फुकटचा नाही.

"झालं," मी म्हणाले. "निकाल लागला."

प्राध्यापकांनी कार्ड घेतलं, वाचलं, मान डोलावली आणि गठ्ठ्यातलं पुढचं उचललं. त्यांचा चेहरा बदलला. ते कार्ड सिरोंच्याकडच्या एका खेड्यातून आलेलं होतं, तिथल्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंचं. अक्षर बांधीव, एकेक अक्षर जपून काढलेलं.

सान असून गवा गिळला अन् चौकटीत बसला (४).

'तरी'च्या जागी 'अन्'. बाकी सगळं तेच.

"ही नक्कल आहे," प्राध्यापक म्हणाले.

"कुणी कुणाची केली?"

"ते शोधायला लागेल. ह्या बाईंची मातृभाषा तेलुगू दिसते, आडनावावरून. 'सान' हा शब्द आज मराठी माणूससुद्धा बोलत नाही. त्यांना कुठून सुचला? आणि नाटक कंपन्या हिवाळ्यात अहेरी-सिरोंच्यापर्यंत जातात. ओळख असणारच. नियमाप्रमाणे दोन्ही बाद करावीत."

संपादक पान चघळायचे थांबले. "दोन्ही बाद केले तं बक्षीस कोनाले द्याचं? त्या कवीले?"

मी दोन्ही कार्डं शेजारी ठेवली. मला राग आला नव्हता. मला दिसत होतं ते त्यांना दिसत नव्हतं, एवढंच. "सर, हे शब्द त्यांनी निवडलेलेच नाहीत," मी म्हणाले. "गवा मध्ये आहे, तो सगळ्यांनाच दिसला. तो काढला की 'सान' उरतं. ते ओळखलं की लहानाने मोठ्याला गिळलं ही गंमत आपोआप आली, म्हणून 'गिळला'. आणि आपल्या भागात सागवान म्हटलं की पहिलं काय डोळ्यांपुढे येतं? दाराची चौकट. शब्दात खोल जाणारे दोघं असतील तर दोघांनाही पाणी एकाच ठिकाणी लागतं."

"तर्क म्हणून ठीक," ते म्हणाले. "पुरावा नाही."

"पुरावा देते. आत्ता. भाऊंनी एक शब्द सांगायचा. तुम्ही ह्या खोलीत बसायचं, मी मागच्या खोलीत. दोघांनी आपापलं सर्वांत चांगलं सूत्र लिहायचं. माझं म्हणणं खरं असेल तर दोन्हीची कृती एकच निघेल."

"आणि नाही निघाली तर?"

"तर दोन्ही कार्डं बाद. मी काही बोलणार नाही."

संपादकांनी माझ्याकडे असं पाहिलं की ह्या बाईला काही झालं की काय. शब्द कसाही असू शकतो; ज्यात काहीच दडलेलं नाही असेही शब्द असतात. पण मला त्या दिवशी शंका नव्हती. रोज शब्द उघडून बघणाऱ्या माणसाला माहीत असतं की बहुतेक चांगल्या मराठी शब्दांना आत शिरायला एक सुरेख दार असतंच. आणि प्राध्यापक माझ्याशी कितीही भांडोत, ते दार त्यांना सापडेल असे ते वाचक होते.

टेबलावर पुढच्या अंकाचं ओलं प्रूफ पडलं होतं. संपादकांनी डोळे मिटून त्यावर बोट ठेवलं. बातमी होती पावसाळ्यापूर्वी नाले साफ करण्याच्या मागणीची.

"पावसाळा," ते म्हणाले. "घ्या पावसाळा."

मी मागच्या खोलीत गेले. खिळ्यांच्या खणांपुढे एक स्टूल होतं, शाईचा आणि रॉकेलचा वास होता. पा, व, सा, ळा. चारही अक्षरं मी गुडघ्यावर बोटाने लिहिली. मधली दोन, 'वसा'. बाहेरची दोन, 'पाळा'. वसा आणि पाळा! भाषेने हे आपल्यासाठी कधीचं तयार करून ठेवलं होतं आणि आपण पावसाळा, पावसाळा म्हणत छत्र्या घेऊन फिरत होतो. मी ओळ लिहिली आणि कागदाची घडी केली. आता काळजी होती ती पुढच्या खोलीची.

मी खणातला एक खिळा उचलून बोटांत फिरवत बसले. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि प्राध्यापक म्हणाले, "या."

संपादकांनी दोन्ही कागद घेतले. आधी माझा वाचला. "वसा आत ठेवून पाळा, चार महिने." मग प्राध्यापकांचा उघडला. वाचता वाचता त्यांचा आवाज चढला. "पोटात वसा ठेवून पाळा, चार ओले महिने! बाप्पा! बाई, हे तं एकच होय!"

प्राध्यापकांनी दोन्ही कागद स्वतःच्या हातात घेतले आणि उभ्या उभ्या पुन्हा वाचले. मग मला विचारलं, अगदी हळू, "आमच्याकडे आई चातुर्मास करायची. वसा मला लहानपणापासून ठाऊक. तुमच्या घरी?"

"आमच्याकडे वर्षावास असतो, सर. पावसाळ्यात विहारात रोज वाचन. वसा शेजारच्या घरी होता. श्रावणात त्यांच्या ओट्यावर बसून मी सगळ्या कहाण्या ऐकल्या आहेत."

ते खाली बसले. "मग ह्यात नक्कल कुणी केली? मी की तुम्ही?"

"भाऊंना विचारा. त्यांनी पाहिलंय."

आता मात्र ते हसले, छत्रीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून, खांदे हलवत. मी त्यांच्या कागदाकडे बोट दाखवलं. "तुमचं माझ्यापेक्षा चांगलं आहे, सर. नुसते चार महिने म्हटलं तर हिवाळाही आला. तुमच्या 'ओले'ने तो बाहेर ठेवला."

"ते मला कळलं होतं," प्राध्यापक म्हणाले. "तुम्ही मान्य कराल की नाही हे बघत होतो. लिहा, दोघंही विजेते."

निकाल छापून आला. वरोऱ्याच्या आणि चंद्रपूरच्या काही वाचकांनी शंका काढल्याच, पण आता उत्तर द्यायला प्राध्यापक होते. त्यांनी पावसाळ्याची हकिगत सविस्तर लिहिली आणि पुढे कुणी बोललं नाही.

बक्षीस द्यायला मात्र दसऱ्यापर्यंत थांबावं लागलं. पावसात सिरोंच्याकडचे रस्ते बंद होतात, आणि दिवाळीनंतर वडशाची नाटकं सुरू झाली की कलाकार हाती लागत नाही. दोन्हीच्या मधल्या एका रविवारी वाचनालयात कार्यक्रम ठरला. नर्सबाई आदल्या दिवशीच आल्या, कारण त्यांच्या गावाहून एका दिवसात येऊन जाणं शक्य नव्हतं. मी बसस्टँडवर घ्यायला गेले. माझ्याच वयाच्या, ठेंगण्या, खांद्याला पिशवी. एवढ्या लांबचा प्रवास करून उतरल्या आणि नमस्कार झाल्या झाल्या त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमचं एक सूत्र होतं. 'काम उलटं केलं, कणीस आलं.' उत्तर मका. पण कणीस ज्वारीला पण असते ना?"

"असते," मी त्यांची पिशवी घेत म्हणाले. "पण काम उलटं केल्यावर ज्वारी येते का?"

"नाही येत. पण अर्थ पूर्ण बसला पाहिजे असं तुम्हीच लिहिलेलं आहे. मी कापून ठेवलं आहे."

रिक्षात बसेपर्यंत आमचं त्यावर चाललं होतं, आणि घरी पोचेपर्यंत मी 'पिवळं कणीस' मान्य केलं होतं. ज्या बाईने माझ्या ओळी एवढ्या बारकाईने तपासल्या, ती दुसऱ्याचं सूत्र उचलेल असं मला कधीच वाटलं नव्हतं, आणि आता तर तो विषयच संपला.

रात्री जेवताना त्यांनी सांगितलं की नोकरीला लागल्या तेव्हा त्यांना कामापुरतंच मराठी येत होतं. रिपोर्ट मराठीत लिहावे लागायचे. दवाखान्यात येणाऱ्या आमच्या साप्ताहिकाच्या जुन्या अंकांत कोडं दिसलं आणि त्यांनी ते भाषा शिकायला म्हणून धरलं. पुढे भाषा आली तरी कोड्याचा नाद सुटेना.

दुसऱ्या दिवशी वाचनालय गच्च भरलं होतं. विनोदी कलाकार वडशाच्या गाडीने आला. सडपातळ, मोठे डोळे, येता येताच दारात उंबऱ्याला अडखळल्याचं सोंग केलं आणि अर्धी सभा हसवली. प्राध्यापकांनी दोघांची ओळख करून दिली, आणि तेव्हा सगळ्यांना दिसलं की ती दोघं एकमेकांना आयुष्यात पहिल्यांदाच बघत होती.

प्राध्यापकांनी सभेसमोरच विचारलं, "सिस्टर, 'सान' हा शब्द तुम्हाला कुठे भेटला? मला कुतूहल आहे."

"सर, लोक म्हणतात लहानसान," त्या म्हणाल्या. "लहान मला कळलं. मग सान काय? मी सगळ्यांना विचारलं. सगळे म्हणाले ते असंच असतं, त्याला अर्थ नसतो. मला पटलं नाही. आमच्या गावच्या शाळेतल्या मास्तरांच्या घरी डिक्शनरी होती, त्यात पाहिलं. सान म्हणजे पण लहान."

प्राध्यापकांनी 'लहानसान' असं स्वतःशी म्हणून पाहिलं. मग सभेकडे वळून म्हणाले, "पंचवीस वर्षं शिकवलं, पण मला हा प्रश्न एकाही विद्यार्थ्याने विचारला नाही." आणि कलाकाराला म्हणाले, "आणि तुम्ही?"

"मले तं कोनी शिकवलंच नाई, सर," तो म्हणाला. "मी अन् माहा बैल, आमी गव्यापुढून पळालो होतो एक खेप. तवापासून गवा डोक्यात बसून हाय. तुमचा सागवान पाह्यला तं मले आधी गवाच दिसला. मंग म्हनलं, गवा उठून गेल्यावर मागं काय राह्यलं? सा अन् न. सान! एवढासा मी, अन् एवढा मोठा गवा." त्याने गाल फुगवून गवा गिळून दाखवला. सभा लोटपोट झाली. नर्सबाई तर पदर तोंडाला लावून हसत होत्या.

मग बक्षिसाचा प्रश्न आला. विजेते दोन, शब्दकोश एक. संपादकांनी आधी काहीच विचार केला नव्हता. कलाकार म्हणाला, "मले नाई पायजे, सिस्टरले द्या." सिस्टर म्हणाल्या, "नाही, मग मला पण नको. अर्धं सूत्र यांचं आहे." दोघंही मागे सरकायला लागले, तेव्हा मी उठले. मी परीक्षक होते, निकाल देणं माझं काम होतं. मी टेबलावरचा पहिला खंड उचलून कलाकाराच्या हातात दिला आणि दुसरा सिस्टरच्या.

"अ पासून न पर्यंतची मराठी वडशाला," मी म्हणाले. "प च्या पुढची सिरोंच्याला. शब्द अडला तर एकमेकांना पत्र टाका."

टाळ्या पडल्या. लोकांना ती कोटी वाटली. पण ती दोघं ते मनावर घेऊन गेली. पुढे दर महिन्याला होणाऱ्या स्पर्धांत मला हळूहळू एक गंमत दिसायला लागली. कलाकाराची सूत्रं यायची ती कवडी, चुलाण, तिफण, धुरा अशा शब्दांनी भरलेली, आणि सिस्टरच्या सूत्रांत पखाल, मुंडावळ, लगोरी, हळकुंड. मी प्राध्यापकांना दाखवलं. त्यांचा आधी विश्वास बसेना. त्यांनी सगळी कार्डं मांडून कुणाचे शब्द कोणत्या खंडातले ते अक्षरवार तपासलं आणि कपाळाला हात लावला.

दोन हिवाळे गेले. मग एका महिन्यात कलाकाराचं कार्ड आलं, आणि त्यात पाचर, मोट, रवी आणि सूप होतं. सिस्टरचं आलं त्यात उंबरा आणि गाडगं. मी दोन्ही कार्डं प्राध्यापकांपुढे ठेवली.

"कंपनी यंदा अहेरीला जाऊन आली वाटतं," ते म्हणाले.

"सिरोंच्यापर्यंत गेली, सर," मी म्हणाले. "खंड बदलले दोघांनी."

त्यांनी खिशातून पेन काढलं, चष्मा पुसला, आणि आम्ही त्या महिन्याचं परीक्षण सुरू केलं.